दहा पायऱ्या खाली

१

सकाळी साडेनऊला टायपिस्टबाई दवाखान्याच्या मागच्या खोलीत येत, खुर्चीच्या पाठीवर हिरवा स्वेटर अडकवत, कानांवर हेडफोन चढवत आणि मग संध्याकाळपर्यंत परक्या माणसांबरोबर जिना उतरत.

दवाखाना संमोहन-उपचारांचा होता. डॉक्टर भला माणूस, कामाला चोख. रुग्णाच्या परवानगीनं प्रत्येक सेशन रेकॉर्ड करायचं आणि ते टाईप होऊन फाईलला लागलंच पाहिजे, असा त्यांचा हट्ट. नाव कुठेच नाही, नुसता क्रमांक. बाईंच्या पायाखाली एक पेडल असे. पाय दाबला की आवाज सुरू, पाय उचलला की बंद. हात मोकळे राहतात ते टाईप करायला. सहा वर्षांत बाईंचा पाय इतका तयार झाला होता की तो आता त्यांना न विचारताच काम करी.

या नोकरीमुळे बाईंना फुकटची प्रसिद्धी बरीच मिळाली होती. नवरा बस डेपोत मेकॅनिक. तो पाहुण्यांसमोर हमखास म्हणायचा, "हिच्या डॉक्टरनं माझ्यासमोर घड्याळ हलवलं तर मी भर बाजारात कोंबड्यासारखा आरवेन." शेजारीण मात्र खरंच घाबरायची. "मला नाही बाई जायचं तसल्या ठिकाणी. मनातलं सगळं ओकायला लावतात म्हणे. आणि मध्येच डॉक्टरला काही झालं तर? माणूस आपला तसाच राहायचा की हो आत!"

मग बाई दवाखान्याचं माहितीपत्रक घडाघडा म्हणून दाखवत. संमोहन म्हणजे झोप नव्हे. माणसाचा स्वतःवरचा ताबा जात नाही. नको ते कुणी वदवून घेऊ शकत नाही. जुन्या आठवणी जशाच्या तशा बाहेर येतात हाही गैरसमजच, मन तिथं बरंचसं रचून सांगतं. आणि आत कुणी कधी अडकून पडत नाही. हे पत्रक बाईंनीच टाईप केलं होतं. डॉक्टरांच्या शुद्धलेखनाच्या दोन चुकाही त्यांनीच काढल्या होत्या, आणि ते सांगायला त्या विसरत नसत.

प्रत्येक सेशनचा साचा एकच. डॉक्टर रुग्णाला डोळे मिटायला सांगत, समोर जिना आहे अशी कल्पना करायला सांगत, आणि दोघं मिळून दहा पायऱ्या उतरत. उतरताना रुग्ण बोलत असे, त्यामुळे तो भाग ऐकूनच टाईप करावा लागे. दहाव्या पायरीच्या पुढे ज्याची त्याची हक्काची, सुरक्षित जागा. कुणाचा समुद्रकिनारा, कुणाचं आजोबांचं दुकान, कुणाचं रिकामं थिएटर. बाईंना हा भाग आवडायचा. घरबसल्या फिरून आल्यासारखं वाटायचं.

शेवटी मात्र नुसतं डॉक्टरच बोलत. "आता आपण वर येणार आहोत," इथपासून "डोळे उघडा" इथपर्यंत, शब्दन् शब्द ठरलेला. तो मजकूर बाईंनी पहिल्याच दिवशी डॉक्टरांच्या कागदावरून उतरवून कीबोर्डच्या एका कळीवर साठवून ठेवला होता. "आता आपण वर..." एवढं कानावर पडलं की पाय उचलायचा, कळ दाबायची, अख्खा परिच्छेद कागदावर. दर फाईलमागे चार मिनिटं वाचत. डॉक्टरांनी या युक्तीचं तोंडभरून कौतुक केलं होतं.

त्या सोमवारी विमानाला घाबरणारी एक रुग्ण दहाव्या पायरीवर पोचली. तिची जागा म्हणजे एक बाग होती.

"काय दिसतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"झाडं. बाक. आणि कोपऱ्यात एक बाई बसलीय."

"कोण आहे?"

"माहीत नाही. पाठमोरी आहे. काहीतरी काम करतेय."

बाईंनी ते टाईप केलं आणि पुढच्या फाईलकडे वळल्या.

२

त्या दिवसांत बाईंचं अर्धं लक्ष घरी असायचं. लेक चौदा वर्षांची, घरात सगळे तिला बबडी म्हणत. चार महिन्यांपूर्वी तिला शुगर निघाली. रोज चार वेळा इन्शुलिनची सुई, आणि ही जन्मभराची गोष्ट. बबडीला सुईची अशी काही धडकी भरली होती की सिरिंज दिसली की पोर पांढरीफटक पडे. नवऱ्यानं खांदे धरायचे, बाईंनी टोचायचं, तिनं घर डोक्यावर घ्यायचं. दोनदा तर तिनं लपवून डोस चुकवले आणि दुसऱ्या वेळी तिला तीन दिवस हॉस्पिटलात काढावे लागले. तिथल्या डॉक्टरीणबाई स्पष्ट म्हणाल्या, "पुन्हा असं झालं तर मी खात्री देणार नाही."

म्हणून बाईंनीच आपल्या डॉक्टरांना गळ घातली. त्यांनी आधी सगळं नीट सांगितलं. "यानं शुगर बरी होणार नाही, बाई. इन्शुलिन एक दिवससुद्धा बंद करायचं नाही. सुईची भीती तेवढी कमी होईल. तीही सगळ्यांची होतेच असं नाही."

शेजारणीनं तरी विचारलंच, "म्हणजे आता गोळी-सुई काही नको ना?" बाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

बबडीची दोन सेशन्स झाली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं सिरिंज स्वतः हातात घेतली. डोळे मिटले, डावा हात पुढे केला आणि उजव्या हातानं पोटात सुई टोचली. हूं नाही की चूं नाही. नवरा बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडला. नळाच्या आवाजात ऐकू जाणार नाही अशी त्याची समजूत.

"डावा हात कशाला गं पुढे केलास?" बाईंनी विचारलं.

"धरायला," बबडी म्हणाली आणि दप्तर घेऊन पळाली.

३

त्याच आठवड्यात रिकाम्या थिएटरवाल्या माणसाच्या पुढच्या रांगेत एक बाई येऊन बसली. "तिनं कानाला काहीतरी लावलंय," तो म्हणाला. परीक्षेला घाबरणाऱ्या कॉलेजच्या पोरीला समुद्रावर एक बाई दिसली, वाळूत खुर्ची टाकून बसलेली. "तिची बोटं हलताहेत. सारखी."

हे टाईप करताना बाईंची बोटं थांबली. त्यांनी हेडफोन काढून ठेवला, खोलीचं दार लावलं, परत उघडलं. मग स्वतःवरच चिडून डॉक्टरांकडे गेल्या.

डॉक्टर खळखळून हसले. "अहो बाई, सगळे रुग्ण बाहेरच्या बाकावर बसतात की नाही? तुमचं दार अर्धं उघडं असतं. बसल्या बसल्या त्यांना काय दिसतं? हेडफोन लावून टाईप करणारी एक पाठमोरी बाई. तेच मनात राहतं आणि खाली गेल्यावर दिसतं. तुम्हीच टाईप केलंय ना, मन रचून सांगतं म्हणून?"

किती सोपं होतं! बाईंना हायसं वाटलं, थोडं ओशाळल्यासारखंही झालं. त्या दिवसापासून त्या दार लावून बसू लागल्या.

गुरुवारची रेकॉर्डिंगं बाहेरगावची असत. डॉक्टर आठवड्यातून एकदा दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलात बसत. तिथला एक निवृत्त पोस्टमन सिगारेट सोडायला येत होता. बाई त्या गावाला जन्मात गेल्या नव्हत्या.

पोस्टमनची जागा म्हणजे त्याचं जुनं पोस्ट ऑफिस. तो मोठ्या हौसेनं सगळं दाखवत होता. खिडकी, वजनकाटा, पत्रांचे खण. मग म्हणाला, "माझ्या टेबलावर एक बाई बसल्यात."

"ओळखीच्या आहेत?"

"नाही बुवा. कानावर काळं काहीतरी आहे. खुर्चीला हिरवा स्वेटर लावलाय." तो जरा थांबला. "बऱ्याच दिवसांपासून बसल्यासारख्या दिसतात. पायाखाली धूळ साचलीय, पण पायांचे ठसे नाहीत. उठल्याच नाहीत जणू."

बाईंनी पेडलवरून पाय उचलला. मागे वळून स्वेटरकडे पाहिलं. तो खुर्चीच्या पाठीवर होता, रोजच्यासारखाच. मग त्या खाली वाकल्या आणि टेबलाखाली आपल्या पायांजवळची फरशी बघितली. फरशी स्वच्छ होती, सकाळीच पुसलेली. तरी त्यांनी पाय उचलून ती पुन्हा एकदा बघितली.

४

हिरवा रंग काही जगावेगळा नाही. स्वेटर खुर्चीला लावणाऱ्या बायका गावोगावी आहेत. डॉक्टरांनी तिथं गप्पांच्या ओघात आपल्या टायपिस्टचा उल्लेख केलाही असेल. बाईंनी अशी तीन-चार कारणं एकापुढे एक मांडली. प्रत्येक कारण एकेकटं पटत होतं, पण सगळी मिळून भीती तसूभरही हलत नव्हती.

त्यात बबडीच्या फाईलचा प्रश्न होता. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "लेकीचं रेकॉर्डिंग तुम्ही ऐकायचं नाही. ते मी बाहेरून टाईप करून घेईन." रास्तच होतं ते. पण ती फाईल त्याच कॉम्प्युटरमध्ये होती, आणि शेवटी आईचा जीव. शुक्रवारी डॉक्टर जेवायला गेल्यावर बाईंनी दाराला कडी घातली आणि ती उघडली.

"आठ... नऊ... दहा. पोचलीस. काय दिसतंय?"

"शाळेची लायब्ररी." बबडीचा आवाज जरा संथ होता, पण छान जागा होता. "खूप ऊन आहे. आणि आई आहे."

"वा. काय करतेय आई?"

"टाईप करतेय. माझ्याकडे बघत नाहीये."

"हाक मारायचीय?"

"आई." शांतता. आणि त्या शांततेत, अगदी बारीक, कळांची टकटक. बाईंनी आपल्या हातांकडे पाहिलं. ते मांडीवर होते. टकटक थोडा वेळ चालू राहिली आणि थांबली.

"तिनं हात मागे केलाय," बबडी म्हणाली. "माझ्यासाठी. वळली नाही, नुसता हात."

"मग धर की."

"गार आहे. पण बरं वाटतंय. आता सुई आली तरी चालेल."

"शाब्बास. आता आपण वर येणार आहोत."

बाईंचा पाय सवयीनं उचलला गेला. त्यांनी तो पुन्हा खाली दाबला. सहा वर्षांत पहिल्यांदा.

"आई येत नाहीये," बबडी म्हणत होती. "मी ओढतेय, पण ती उठत नाहीये."

"असू दे," डॉक्टरांचा प्रेमळ आवाज आला. "आई तिथंच थांबेल. तू पुन्हा खाली येशील तेव्हा भेटेल. चल. एक..."

बाईंनी हेडफोन ओरबाडून काढला.

कडी घातलेल्या खोलीत पंख्याची घरघर तेवढी होती. बाई भिंतीकडे बघत बसल्या आणि मग एकेक गोष्ट त्यांच्या ध्यानात येऊ लागली. दिवसाला पाच-सहा माणसं. सहा वर्षं. प्रत्येकाबरोबर दहा पायऱ्या खाली, कानाशी तोच शांत आवाज, पुढ्यात कोरी भिंत, हात-पाय आपोआप चाललेले. आणि प्रत्येक माणूस वर गेला होता. वर नेणारे शब्द बाईंनी एकदाही ऐकले नव्हते. त्यांनी नुसती कळ दाबली होती.

५

"सेशन बंद करू या," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

नवरा पाना पुसत होता, तो तसाच हातात राहिला. "का?"

खरं सांगितलं असतं तर त्यानं त्यांनाच डॉक्टरकडे नेलं असतं. "मला भीती वाटते," एवढंच त्या म्हणाल्या.

"तुला? लोकांना शहाणपण शिकवतेस ती तू?" तो सहसा आवाज चढवत नसे. "अगं, पोर मरता मरता राहिली. आता कुठे स्वतःच्या हातानं टोचून घेतेय. आणि हे बंद करायचं म्हणतेस?" मग त्यालाच वाईट वाटलं. "तू दमलीयस. हल्ली तर तुला तीनदा हाक मारावी लागते. विहिरीत हाक मारल्यासारखी. बबडीला विचार हवं तर."

बाईंना वाटत होतं की हेडफोनमुळे कान बधिरले असतील.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना आडून आडून विचारलं. समजा, एखादा माणूस सेशन ऐकतो, पण शेवटचं मोजणं ऐकत नाही. मग?

"काही होत नाही. आपोआप भानावर येतो, नाहीतर झोप लागून उठतो. गाडी चालवताना वगैरे ऐकू नये इतकंच." डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुमच्याबद्दल विचारताय का? अहो, तुम्ही घरी जाता, स्वयंपाक करता, नवऱ्याशी भांडता. अडकलेली माणसं भांडतात का? आणि मनात आलंच असेल तर आज एखादं सेशन शेवटपर्यंत ऐका. बिघडणार तर काहीच नाही."

बिघडणार तर काहीच नाही. बाईंनाही ते पटलं.

६

जेवणाच्या सुट्टीत, भर दुपारी, सगळे दिवे लावून त्यांनी पोस्टमनची फाईल लावली. हात मांडीवर ठेवले, पाय पेडलवर घट्ट.

"आता आपण वर येणार आहोत. एक. पाय पायरीवर ठेवा."

हे शब्द त्यांना पाठ होते. पाठ असणं वेगळं आणि ऐकणं वेगळं, हे त्यांना दुसऱ्या पायरीलाच कळलं. गुडघे दुखू लागले, जणू फार फार दिवसांनी त्यांच्यावर भार आला होता. तिसऱ्या पायरीला हाताखाली कठड्याचं गार लाकूड लागलं. चौथ्या पायरीला आत कुठंतरी आनंद झाला. लहानपणी शाळा सुटल्यावर व्हायचा तसा.

"पाच. अंग हलकं होतंय. सहा."

सहाव्या पायरीवर खालून आवाज आला. टक. टकटक. टकटकटक.

खाली कुणीतरी टाईप करत होतं. सराईत हात होता तो. ती लय बाईंच्या ओळखीची होती. ओळीच्या शेवटी जरासं थांबणं, मग पुढची ओळ. बाईंना वाटलं, मागे वळून बघावं. आणि त्याच क्षणी मनानं इतक्या जोरात नको म्हटलं की मान आखडली. आपल्याच बोटांचा आवाज असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. बोटं मांडीवर आहेत, हेही त्यांना कळत होतं.

"सात. आठ." टकटक लांब गेली. "नऊ." आता फक्त डॉक्टरांचा आवाज. "दहा. डोळे उघडा."

बाईंनी डोळे उघडले. मिटले कधी होते, ते त्यांना आठवेना.

खोलीत इतका उजेड होता! पंख्याचा वारा गालाला लागत होता. फरशी पुसलेल्या साबणाचा वास येत होता. बाहेरच्या बाकावर कुणी खोकलं तर ते कानाशी खोकल्यासारखं स्वच्छ ऐकू आलं. बाई हसल्या, मग त्यांच्या डोळ्यांना धार लागली. सहा वर्षं आपण कुठे होतो, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी ते झटकून टाकलं. आपण वर आलो. सुटलो.

घरी नवऱ्यानं स्वयंपाकघरातून हाक मारली आणि त्यांनी पहिल्या हाकेला ओ दिली. तो सांडशी घेऊन बाहेर आला आणि बघतच राहिला. "आज अगदी वेगळीच दिसतेस," तो म्हणाला. त्याला बरं वाटल्यासारखं दिसलं.

७

सोमवारी बाईंनी टाईप करायला घेतलं आणि बोटं अक्षरं शोधू लागली.

एकेक कळ बघून, एकेका बोटानं. एका पानाला एक तास लागला. ज्या हातांनी अंधारातसुद्धा चूक केली नसती ते हात शिकाऊ पोरीचे असावेत तसे चालत होते. सवय मोडली असेल, बाईंनी विचार केला. इतक्या दिवसांची गुंगी उतरली की असंच व्हायचं. त्यांनी बोटं चोळली, गरम पाण्यात धरली. नखं त्यांचीच होती, अंगठ्यावरचा जुना भाजल्याचा डागही होता.

संध्याकाळी बबडीचं शेवटचं सेशन होतं. बाईंनी डॉक्टरांना विनवलं, मला आत बसू द्या. बबडीला विचारून ते हो म्हणाले. बाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या, लेकीच्या तोंडाकडे बघत. त्यांना एकच ऐकायचं होतं. लायब्ररीत आता कुणी नाही. खुर्ची रिकामी आहे.

"दहा," डॉक्टर म्हणाले. "काय दिसतंय?"

"लायब्ररी."

"आणखी?"

बबडी हसली. "आई आहे."

बाईंनी स्टुलाची कड घट्ट धरली. डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघून मान डोलावली, सगळं ठीक आहे अशा अर्थानं.

"टाईप करतेय का?"

"नाही. थांबलीय. आज ती वळलीय." बबडीच्या कपाळाला आठी पडली. "रडून रडून डोळे सुजलेत तिचे. ती काहीतरी विचारतेय."

"काय विचारतेय?"

बबडी बराच वेळ ऐकत राहिली. तिचे ओठ हलत होते, नीट समजून घेतल्यासारखे.

"ती म्हणतेय, मी इथेच आहे. मग वर कोण गेलं?"

डॉक्टरांचं हसू तोंडावर राहिलं, पण त्यात आता काही अर्थ उरला नव्हता. त्यांनी नेहमीपेक्षा भराभर मोजलं. दहाला बबडीनं डोळे उघडले, छताकडे बघितलं, डॉक्टरांकडे बघितलं. मग स्टुलाकडे. आणि तिथेच तिची नजर थांबली.

"बबडी," बाई म्हणाल्या.

ती ओरडली नाही, पळाली नाही. नुसती जरा मागे सरकली आणि बाईंच्या हातांकडे बघत राहिली.

८

रात्रीच्या जेवणाआधीची सुई साडेसातला असते. नवऱ्यानं ताटं मांडली. बबडी टेबलाशी बसली, पोटावरचा कपडा वर केला, सिरिंज उजेडाकडे धरून बुडबुडा काढला. सगळं अगदी शिकवल्यासारखं, नीट. नवरा कौतुकानं बघत होता. पोर वाचली होती. त्याबद्दल आता कुणालाही शंका नव्हती.

बाई तिच्या उजवीकडे बसल्या. त्यांनी हात पुढे केला. "आण, धरते."

"नको," बबडी म्हणाली. आवाज मृदू होता, घाबरलेला होता. "धरलाय."

तिचा डावा हात टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होता, जिथं कुणी बसलेलं नव्हतं. बोटं वळलेली होती, कशाभोवती तरी. बाई जरा वाकल्या. लेकीच्या हाताच्या पाठीवर चार ठिकाणी कातडी दबली होती, पांढरी पडली होती. दुसऱ्या कुणाच्या बोटांनी गच्च धरल्यावर पडते तशी.

सुई आत गेली, बाहेर आली. "अजिबात दुखलं नाही," बबडी त्या रिकाम्या बाजूला वळून म्हणाली.

बाईंना ओरडावंसं वाटलं, की मी तुझी आई आहे, मी तुला जन्म दिलाय. ते शब्द तोंडापर्यंत आलेही. पण बोलण्याआधी त्यांनी तो दिवस आठवून बघितला. कुठलं हॉस्पिटल होतं, पाऊस होता की ऊन, पोरीला पहिल्यांदा हातात कुणी दिलं, ती केवढी होती. दुपारी कीबोर्डवर कळा शोधल्या तसं त्या शोधत राहिल्या, एकेक करून. काहीच हाती लागेना. जन्मतारीख तेवढी माहीत होती. ती फाईलवर लिहिलेली होती.

"अगं, जेव ना," नवरा म्हणाला आणि त्यानं भात वाढला. शेजारी बबडी जेवत होती; डावा हात तिनं अजून सोडवला नव्हता.